दुकानाने गिळलेलं दार

गेल्या अंकात या सदरात इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या मिल्सम स्ट्रीटबद्दल मी फक्त चार ओळी लिहिल्या होत्या, की १७६० च्या दशकात हा रस्ता राहत्या घरांसाठी बांधला गेला आणि आज तिथे बघावं तिकडे दुकानं, बँका आणि कॅफे आहेत. तेवढ्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय, गच्चीच्या गळतीबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी कृपया अजून एक महिना बादल्या लावा. मी स्वतः तिकडे एका छोट्या ऑफिसात तीन वर्षं जुन्या घरांची मापं घ्यायचं काम केलंय, म्हणजे हातात टेप, तोंडात टॉर्च आणि गुडघ्यापर्यंत धूळ, त्यामुळे खाली जे सांगतोय ते बरंचसं तिथले जिने चढून-उतरून कळलेलं आहे.

मुलगी ब्रिस्टलला असते, तिच्याबरोबर बाथला गेलो होतो. मिल्सम स्ट्रीटवर वरचे मजले एखाद्या राजवाड्यासारखे आणि खाली नुसती काच. आधी दुकान बांधून वर घर चढवलं, की घर होतं आणि खाली दुकान घुसवलं? – एक वाचक, ठाणे

घरच आधी, काका. दुकान नंतर घुसलंय.

त्या काळच्या खात्यापित्या इंग्लिश घराचा नकाशा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं जातं. प्लॉट अरुंद, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत, आणि एकच कुटुंब वर-खाली पाच मजल्यांवर राहणार. तळघरात स्वयंपाकघर आणि नोकरांचा वावर, रस्त्याच्या पातळीला जेवणाची खोली, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या आणि अगदी वर छपराखाली पुन्हा नोकर. खोलीची पत खिडकीच्या उंचीवरून कळते, पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच असतात कारण पाहुण्यांना तिथे बसवायचं, मग वर जाल तसतशा त्या आखूड होत जातात आणि माळ्यावर मोलकरणीच्या नशिबी जेमतेम डोकं बाहेर निघेल एवढी खिडकी. तुम्हाला राजवाडा दिसला तो हा, आणि त्याचा सगळा थाट पहिल्या मजल्यावर असल्यामुळे खालचा मजला दुकानाला देताना घरमालकाच्या जिवावर फारसं आलं नाही.

आता बाथ म्हणजे मुळात गरम पाण्याच्या कुंडांचं गाव, लोक तब्येतीच्या नावाखाली सीझनभर यायचे आणि खरं तर नाचायला, पत्ते खेळायला आणि मुलींची लग्नं जमवायला यायचे. मिल्सम स्ट्रीटवरची बरीच घरं या पाहुण्यांना भाड्याने दिली जायची. मग ज्या रस्त्यावर पैसेवाले दिवसभर चकरा मारतायत तिथे खालच्या खोलीत जेवणाचं टेबल ठेवायचं की टोप्या आणि रेशीम मांडायचं, हा हिशोब करायला कुणाला फार वेळ लागला नाही. जेन ऑस्टेन १८०१ ते १८०६ बाथमध्ये राहिली, आणि तिच्या एका कादंबरीत एक जनरलसाहेब याच रस्त्यावर सहकुटुंब मुक्कामाला उतरलेत आणि त्याच रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत एका मुलीने एक झकास हॅट बघितलीय. म्हणजे तोपर्यंत घर आणि दुकान शेजारीशेजारी नांदत होते.

अजून एक, तो राजवाडा फसवा आहे बरं का. जमीन घेणारा माणूस प्लॉट पाडायचा, दर्शनी भाग कसा हवा ते ठरवून द्यायचा आणि बिल्डरला सांगायचा की पुढून एवढं पाळ, मागे तुला काय हवं ते कर. त्यामुळे समोरून बाथच्या मधाच्या रंगाच्या दगडाचे ताशीव चिरे, रांगेत, एका उंचीला, आणि मागच्या गल्लीतून बघाल तर ओबडधोबड दगड, कुठे संडास काढलाय, कुठे खोली वाढवलीय, कुणाचा पाइप कुणाच्या खिडकीवरून गेलाय. याच रस्त्यावर थॉमस बाल्डविन या आर्किटेक्टने १७८० च्या दशकात सॉमरसेटशायर बिल्डिंग्ज म्हणून एक रांग केली, त्यात मधला भाग गोलसर पुढे काढून कॉरिंथियन, म्हणजे डोक्यावर पानांची नक्षी असलेले, खांब लावलेत आणि वेगवेगळी घरं मिळून एकच महाल आहे असं वाटतं. पुढच्या वेळी गेलात की मागच्या गल्लीत नक्की जा, मला तर तीच जास्त आवडते.

एखादं दुकान पूर्वी घर होतं हे बाहेरून कसं ओळखायचं? काही खूण असते का? – एक वाचक, नाशिक

असते, आणि ती खूण म्हणजे नसलेलं दार.

नीट सांगतो. समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्या मोजायच्या. बहुतेक ठिकाणी तीन भरतील. म्हणजे खाली मुळात दोन खिडक्या आणि एक दार होतं, आणि दार मध्ये नाही तर एका कडेला, कारण दारातून आत गेलं की बोळासारखा लांब पॅसेज आणि त्याच्या शेवटी जिना. कडेला दार ठेवलं की उरलेली सगळी रुंदी खोलीला मिळते, बाकी काही गूढ नाही त्यात. आता तिथे काय आहे ते बघा. कडेला अजूनही वेगळं, अरुंद, उंच दार असेल, त्यावर अर्ध्या पंख्यासारखी काच असेल आणि शेजारी दोन-तीन बेलची बटणं, तर समजायचं की घर जिवंत आहे, वर कोणीतरी राहतंय किंवा एखाद्या वकिलाचं ऑफिस आहे. पण एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग काच असेल आणि शिरायला एकच दार, तेही दुकानाचं, तर दुकानाने घराचं दार गिळलं.

हे दार गिळणं मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते आणि लोक तिच्याबद्दल फार कमी बोलतात. चार फुटांचा पॅसेज दुकानात घेतला की शोकेस चार फुटांनी वाढते, दुकानदार खूश, भाडं वाढलं म्हणून मालक खूश. पण वर जायचा जिना आता दुकानाच्या आत गेला. मग वरचे तीन मजले कोणाला भाड्याने देणार? रात्री दहाला घरी येणारा भाडेकरू काय कपड्यांच्या रॅकमधून वाट काढत जाणार? शिवाय आग लागली तर वरच्यांना थेट रस्त्यावर उतरता येईल असा सुरक्षित जिना लागतो, तो नाही तर परवानगी नाही. त्यात मोठी चेन दुकानं अख्खी इमारत एकगठ्ठा भाड्याने घेतात, पैसे तळमजल्याचे मिळतात आणि वर ठेवायचे ते पुठ्ठ्याचे खोके. इंग्लंडच्या कुठल्याही जुन्या बाजारपेठेत मान वर करून चाला, पहिल्या मजल्याच्या देखण्या खिडक्यांच्या आत पिवळे पडलेले पडदे नाहीतर खोक्यांच्या थप्प्या दिसतील, आणि त्याच गावात लोक परवडणारं घर मिळत नाही म्हणून रडत असतात. त्या लोकांचं रडणं आणि ते गिळलेलं दार यांचा थेट संबंध आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी एकदा अशाच एका घराची मापं घ्यायला गेलो होतो, दुकानाचं नाव सांगत नाही. तळमजल्यावर पांढरंशुभ्र फॉल्स सिलिंग, चकचकीत लायटिंग, सेलची पोस्टरं. मागे ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहिलेलं दार उघडलं आणि समोर तो जिना, दगडी पायऱ्या, एक टोक भिंतीत रुतवलेलं आणि दुसरं अधांतरी, एकीच्या खांद्यावर दुसरी टेकलेली, वर महोगनीचा कठडा अडीचशे वर्षं हात फिरून काचेसारखा गुळगुळीत झालेला. आणि प्रत्येक पायरीवर एक खोका. वरच्या दिवाणखान्यात संगमरवरी शेकोटीला प्लायवूड ठोकून टाकलं होतं आणि एसीचा पाइप न्यायला कोणीतरी छताच्या कडेची प्लास्टरची नक्षी सरळ करवतीने कापली होती, पानं आणि द्राक्षं होती त्यात, अर्धं द्राक्ष इकडे अर्धं तिकडे. मॅनेजर बिचारा नवीन होता, त्याला वर शेकोटी आहे हेच माहीत नव्हतं.

मी सिव्हिलला आहे, दुसरं वर्ष. खालची अख्खी भिंत काढून काच लावली तर वरचे तीन मजले उभे कशावर राहतात? – एक विद्यार्थी, सांगली

तुळईवर. तिकडे तिला ब्रेसुमर म्हणतात. शोकेसच्या वर, दुकानाच्या नावाची पाटी असते ना, तिच्या मागे ती लपलेली असते, एका सामाईक भिंतीपासून दुसरीपर्यंत आडवी टाकलेली. जुन्या कामात ती लाकडी असते, ओक किंवा पाइन, मध्ये एखाद-दोन लाकडी खांब. एकोणिसाव्या शतकात कास्ट आयर्नचे खांब आले, ते काचेच्या जरा मागे उभे करायचे, एवढे सडपातळ की गिऱ्हाइकाचं लक्षही जात नाही आणि त्यांच्या डोक्यावर अख्खा दगडी राजवाडा.

तू दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून जरा खोलात जातो. बऱ्याच घरांत जमिनीच्या लाकडी कड्या पुढच्या भिंतीपासून मधल्या भिंतीपर्यंत टाकलेल्या असतात, म्हणजे या तुळईवर नुसतं वरच्या भिंतीचं वजन नाही, तर मजल्यांचाही काही भार येतो. भिंतीचा भार आधी खिडक्यांच्या मधल्या दगडी पट्ट्यांमधून सरळ जमिनीत जात होता, आता तो हवेत येऊन तुळईवर बसतो, ती वाकून तो बाजूच्या भिंतींकडे ढकलते. लाकूड भार घेतं, पण वर्षानुवर्षं घेत राहिलं की हळूहळू लोंबतं. त्यात पाटीच्या वरच्या पत्र्यातून पाणी शिरलं की तुळईचं टोक भिंतीत सडतं, आणि सडतं तेही सगळ्यांच्या नजरेआड. बाहेरून ओळखायचं असेल तर पहिल्या मजल्याच्या खिडक्यांचे उंबरे एका ओळीत बघ, मधला थोडा खाली बसलेला दिसला आणि त्याच्या कोपऱ्यातून तिरकी चीर वर गेलेली दिसली की समज, तुळईने मान टाकायला सुरुवात केलीय.

दुरुस्ती करताना वरच्या भिंतीत भोकं पाडून लोखंडी बीम आरपार घालतात, त्यांना दोन्हीकडून टेकू देतात, वजन त्यांच्यावर घेतात आणि मग सडकी तुळई काढून नवी सरकवतात. ऐकायला दोन ओळी वाटतात, प्रत्यक्षात त्या दिवशी साइटवर कोणी जोक मारत नाही. भोकं कुठे पाडायची ते खिडक्यांच्या जागा बघून ठरवावं लागतं, खिडकीच्या बरोबर खाली पाडून उपयोग नाही, कारण भार तिथून येतच नाही, तो बाजूच्या पट्टीतून येतो. हे वाक्य वहीत लिहून ठेव, परीक्षेत नाही पण साइटवर येतं.

सिनेमात दिसतात तशा छोट्या छोट्या चौकटींच्या, पोट पुढे काढलेल्या दुकानाच्या खिडक्या खरंच जुन्या असतात का? – एक वाचक, डोंबिवली

काही खऱ्या, पुष्कळ खोट्या. त्या काळी मोठी काच करणं महाग होतं म्हणून छोटे तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवायचे. आणि खिडकीला पोट कशाला, तर रस्त्याने येणाऱ्याला लांबूनच, बाजूने माल दिसावा म्हणून. सगळ्यांनीच पोटं पुढे काढली तर चालणाऱ्याने जायचं कुठून, म्हणून लंडनच्या १७७४ च्या बांधकाम कायद्यात मर्यादा घातली, रुंद रस्त्यावर १० इंच आणि अरुंद गल्लीत ५ इंच, त्यापेक्षा पुढे यायचं नाही. आपल्याकडचं दुकानापुढचं फळी-टेबल आठवलं ना? मलाही.

खोटी कशी ओळखायची, तर काचेत बाटलीच्या बुडासारखे गोल भोवरे बघा. काचेचा गोळा फुंकून, गरगर फिरवून त्याची थाळी करायचे आणि मधला भोवरा म्हणजे फिरवायची लोखंडी सळई चिकटलेली जागा, ती सगळ्यात हलक्या दर्जाची काच. भर बाजारातला रेशमाचा व्यापारी आपल्या मालासमोर तो भोवरा लावेल का? तो जायचा गोठ्याला नाहीतर मागच्या दाराला. आज ‘जुनाट लूक’साठी खिडकीभर भोवरे लावतात ते बघून मला हसू येतं. खरी जुनी काच जवळजवळ सपाट असते, फक्त तिच्यातलं समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब किंचित हलतं, जसं संथ पाण्यात हलतं तसं.

अस्सल बघायची तर लंडनला स्पिटलफील्ड्समध्ये ५६, आर्टिलरी लेन. फ्रान्समधून धर्माच्या छळामुळे पळून आलेले ह्यूगनॉ, म्हणजे तिथले प्रोटेस्टंट लोक, या भागात रेशमाच्या धंद्यात होते आणि आधीच्या घराला १७५० च्या दशकात अशाच रेशीम व्यापाऱ्यांसाठी हा दुकानाचा दर्शनी भाग लावला. लाकडी खांब, दोन पोटाच्या खिडक्या, मध्ये दुकानाचं दार आणि, हे बघा, बाजूला घराचं स्वतःचं वेगळं दार, वर कोरीव नक्षीसकट. गिऱ्हाईक इकडून आणि घरची माणसं तिकडून. त्या व्यापाऱ्याला कळत होतं ते नंतरच्यांना कळलं नाही. आज तिथे आर्ट गॅलरी आहे.

आणि सलग मोठी काच आली ती १८४५ मध्ये काचेवरचा कर उठल्यावर. कर गेला, काच स्वस्त झाली, आणि लहान चौकटी काढून एकेक मोठी अखंड काच बसवायची लाट आली. वरच्या मजल्यांनाही सोडलं नाही, बाथमध्ये कितीतरी घरांच्या पहिल्या मजल्याचे खिडक्यांचे उंबरे व्हिक्टोरियन काळात तोडून खाली नेलेत, त्यामुळे दगडाची आडवी पट्टी मध्येच तुटलेली दिसते. एकदा दिसली की मग प्रत्येक घराला दिसायला लागते, आणि चालणं अवघड होतं.

खिडक्यांवर टॅक्स होता म्हणून लोकांनी त्या बुजवल्या, हे गाइड सांगतो ते खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

टॅक्स खरा, १६९६ ते १८५१, चांगला दीडशे वर्षं चालला. काहींनी बुजवल्याही. पण गाइड प्रत्येक बुजलेल्या खिडकीला टॅक्स चिकटवतात तसं नाही. पुष्कळशा पहिल्यापासूनच आंधळ्या बांधलेल्या असतात, आत धुराडं किंवा आडवी भिंत आली पण बाहेरून रांग बिघडायला नको म्हणून खिडकीचा नुसता आकार कोरलेला. चौकट व्यवस्थित ताशीव आणि आतला दगडही आजूबाजूच्याच जातीचा आणि थरांचा असेल तर ती जन्मतःच आंधळी. विटा-गिलावा कसातरी ठोकलेला असेल तर मग टॅक्सचा संशय घ्या. जाता जाता, दुकानांवरही वेगळा टॅक्स लावून बघितला होता, पंतप्रधान विल्यम पिट (धाकटा) याने १७८५ मध्ये, पण दुकानदारांनी एवढा गोंधळ घातला की १७८९ ला तो मागे घ्यावा लागला. व्यापाऱ्यांच्या नादी लागू नये.

दुकानांसमोर फुटपाथमध्ये लोखंडी गोल झाकणं आणि जाड काचेचे ठोकळे बसवलेले दिसले, ते कशासाठी? – एक वाचक, ठाणे (पहिल्याच प्रश्नाचे काका)

काका, तुमची नजर चांगली आहे. गोल झाकण कोळशाचं. घराच्या पुढे फुटपाथखाली कमानींच्या खोल्या असतात, कोळशाची गाडी यायची, झाकण उघडून पोतं वरूनच रिकामं करायचं, कोळसेवाला घरात पाय ठेवणार नाही आणि गालिचा काळा होणार नाही. झाकण फूटभर व्यासाचं एवढ्यासाठी की कोळसा जावा आणि चोर जाऊ नये.

काचेच्या ठोकळ्यांमागे परत दुकानच. मूळ घर फुटपाथला चिकटून नसायचं, मध्ये पाच-सहा फुटांचा खड्डा, तळघराला उजेड आणि हवा मिळावी म्हणून, त्याच्या कडेला लोखंडी कुंपण आणि दारापर्यंत जायला छोटासा दगडी पूल. घरासाठी मस्त, दुकानासाठी भिकार, कारण गिऱ्हाईक काचेपासून सहा फूट लांब कुंपणाबाहेर उभं. मग तो खड्डाच झाकून टाकला आणि खालच्या तळघराला अगदीच काळोख नको म्हणून लोखंडी चौकटीत जाड काचा बसवल्या. लंडनमध्ये अशा बऱ्याच चौकटींवर त्या बनवणाऱ्या हेवर्ड ब्रदर्स कंपनीचं नाव ओतलेलं सापडतं, वाकून बघायची लाज वाटली नाही तर. लंडनच्या सॅव्हिल रोवर मात्र उलटं, हा रस्ताही १७३० च्या दशकात घरांसाठीच बांधला, पुढे शिंपी आले, आणि त्यांनी त्या तळघराचाच फायदा उचलला. तिथे काही ठिकाणी खड्डा अजून उघडा आहे, कुंपणावरून खाली डोकावलं की तळघरातल्या टेबलावर वाकून सूट कापणारी माणसं दिसतात. मी अर्धा तास बघत होतो, नंतर एकाने वर बघितलं तेव्हा निघालो.

बाथमध्ये अजून एक मजा, तिथे रस्ताच भराव आणि कमानींवर उचललेला असतो, त्यामुळे तुम्ही ज्याला तळघर म्हणता ते मागच्या बागेच्या पातळीला असतं, म्हणजे जमीन खरी तिथे. मिल्सम स्ट्रीटवर घरांच्या मागे लपलेलं एक अष्टकोनी चॅपल आहे, १७६७ चं, युरेनस शोधणारा विल्यम हर्शेल तिथे ऑर्गन वाजवायचा, आणि त्याच्या खालची तळघरं वाइनच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलेली. देव वर, दारू खाली, आणि भाडं मालकांना.

आमच्या लक्ष्मी रोडच्या वाड्यालाही खाली दुकानं होती. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय? – एक वाचक, पुणे

पुणेकराने ‘फरक काय’ विचारलं म्हणजे उत्तर आधीच तयार असणार, तरी सांगतो. वाड्याचं दार एका बिऱ्हाडाचं नसतं, सगळ्या वाड्याचं असतं. रस्त्याकडे गाळे काढले तरी मधला बोळ आणि चौक कोणाच्या बापाला विकता येत नाही, आत दहा बिऱ्हाडं आणि एक आड आहे. त्यामुळे वाडा पडला तरी शेवटपर्यंत त्याची वाट शाबूत असते. इंग्लिश घर एकाच कुटुंबाचं, एका दाराचं, म्हणून ते दार एका सहीत गेलं.

मालकाला हवं ते करता येतं का तिकडे? म्हणजे ग्लोसाइन लावला, भिंत पाडली? आणि बाबासाहेबांच्या लंडनच्या घराचं स्मारक करताना परवानगीचा घोळ झाला होता तो असाच का? – एक वाचक, नागपूर

दोन प्रश्न आहेत, दोन्ही चांगले. ऐतिहासिक म्हणून यादीत असलेल्या इमारतीला तिकडे लिस्टेड म्हणतात, तीन वर्ग, पहिला, दुसरा-तारांकित आणि दुसरा, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती शेवटच्या वर्गात. यादीत नाव आलं की नुसता दर्शनी भाग नाही तर आतला जिना, शेकोटी, छताची नक्षी, सगळंच आलं, आणि न विचारता हात लावला तर तो फौजदारी गुन्हा आहे, दंडाची पावती फाडून सुटत नाही. म्हणजे ते मघाचं अर्धं द्राक्ष गुन्हाच होता, फक्त कुणी, कधी कापलं ते कुणालाच सांगता येईना. ग्लोसाइनचं म्हणाल तर बाथसारख्या ठिकाणी, १९८७ पासून अख्खं शहर जागतिक वारसा आहे, आतून पेटणारी प्लास्टिकची पाटी मंजूर करून घेणं म्हणजे दिवास्वप्न, हाताने रंगवलेली अक्षरं लावायची आणि गप्प बसायचं.

वापर बदलणं हा वेगळा कायदा. घराचं दुकान करायचं तर परवानगी लागते. पण दुकानाचं कॅफे, कॅफेचं ऑफिस, हे १ सप्टेंबर २०२० पासून एकाच वर्गात टाकलंय, क्लास ई म्हणतात, त्यामुळे आपसातला बदल बराच सोपा झाला.

बाबासाहेबांचं घर, १०, किंग हेन्रीज रोड, तिथे वापराचाच मुद्दा होता. १९२१-२२ ला ते तिथे राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि संग्रहालय सुरू केलं. कॅम्डन कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेचं, म्हणणं पडलं की राहतं घर कमी होतंय, म्हणून त्यांनी परवानगी नाकारली. अपील झालं आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे अनेकांना तेव्हा तो केवळ आकस वाटला, शेजाऱ्यांच्या तक्रारीही होत्या हे खरं, पण घराचं दुसरं काही करायचं म्हटलं की तिथल्या कौन्सिलचा पहिला प्रश्न ‘राहायची जागा कुठे गेली’ हाच असतो. फक्त दुकानांच्या वरचे रिकामे मजले बघितल्यावर हा प्रश्न इतकी वर्षं कुठे झोपला होता असं वाटतं.

आत जाऊन वरचे मजले बघता येतात का? काही विकत न घेता फिरलं तर हाकलत नाहीत ना? – एक वाचक, रत्नागिरी

हाकलत नाहीत, फार तर ‘काही मदत करू का’ असं तीनदा विचारतात. ट्रायल रूम किंवा कॅफे वरच्या मजल्यावर असेल असं दुकान निवडा. कपड्यांकडे न बघता वर छताकडे बघा, खोलीच्या मधोमध प्लास्टरचं गोल फूल असेल तर तो जुना दिवाणखाना, आणि ट्रायल रूमचं पार्टिशन त्या फुलाला मध्येच चिरत गेलं असेल तर ते पार्टिशन नंतरचं. चालताना पायाकडेही लक्ष ठेवा. जेम्स जॉलीने १८३१ मध्ये मिल्सम स्ट्रीटवर दुकान थाटलं आणि ते आजूबाजूची घरं जोडत जोडत वाढलं, अशी मोठी दुकानं म्हणजे सामाईक भिंतींना भोकं पाडून एकत्र ओवलेली घरं. रस्ता चढाचा असेल तर प्रत्येक घराची जमीन शेजारच्यापेक्षा थोडी वर, म्हणून बुटांच्या विभागातून पर्सच्या विभागात जाताना मध्येच तीन पायऱ्या लागतात आणि कोणाला कळत नाही की का. त्या तीन पायऱ्यांवर तुम्ही एका घरातून दुसऱ्या घरात गेलेले असता. मी तिथेच एकदा, छताकडे बघत चालताना, सपशेल आपटलोय.